आदेशाने चढवलेल्या बारा पायऱ्या



आजचा विषय व्यसनमुक्तीचा आहे. पण दारू वाईट, गांजा वाईट हे सांगायला मी बसलेलो नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचं आहे ते व्यसन सोडवण्यासाठी माणसावर, आणि विशेषतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर, केल्या जाणाऱ्या सक्तीबद्दल. जगभरात आणि आपल्या देशातही अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत 'बारा पायऱ्यां'चा कार्यक्रम चालतो. तो चांगला की वाईट, असा माझा प्रश्न नाही. तोच कार्यक्रम जबरदस्तीने करून घेतला तर काय होतं, एवढंच आज बघायचं आहे.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही. मी स्वतः एका मुलाला गाडीत घालून अशा एका केंद्रात सोडून आलो आहे. म्हणून आधी ते सांगतो.

बांगड्यांची गोष्ट

मी निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. माझी धाकटी बहीणही इथेच असते. तिचा नातू तेव्हा सोळा वर्षांचा, अकरावीत होता. त्याच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली. त्याआधी तो आणि त्याचे दोन मित्र पंक्चरचं सोल्यूशन हुंगत होते, हेही कळलं. घरात रडारड झाली. रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, एका केंद्राचा पत्ता मिळालाय. तुम्ही सोबत चला. तुमच्यापुढे तो काही बोलणार नाही."

बत्तीस वर्षं गणवेशात काढलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. मी गेलो. पोराला खरं सांगितलं तर तो येणार नाही, म्हणून "चल, एका मित्राच्या शेतावर जाऊन येऊ" असं मीच सांगितलं.

केंद्र शहराबाहेर होतं. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत फळ्यावर दिवसाचा तक्ता. पाचला उठणं, पीटी, प्रार्थना, सभा, श्रमदान, पुन्हा सभा. खरं सांगतो, तो तक्ता बघून मला समाधान वाटलं. आत नेल्यावर पहिल्यांदा त्याचे केस उतरवले. भाचा कासावीस झाला, तर मीच त्याला म्हणालो, "अरे, आमच्याकडे रिक्रूटचेही पहिल्याच दिवशी केस कापतात." पंचेचाळीस दिवस फोन नाही, भेट नाही, असं सांगण्यात आलं. कुठल्या डॉक्टरने मुलाला तपासलं नाही. भाच्याने एका छापील कागदावर सही केली आणि आम्ही परत निघालो. गाडी वळवताना तो फाटकाच्या गजांमधून बघत होता.

सातव्या आठवड्यात कुटुंबाची भेट ठरली. मोठ्या खोलीत तीस-चाळीस माणसं बसलेली, बहुतेक माझ्या भाच्याच्या वयाची किंवा त्याहून मोठी. पोराला उभं केलं. पाठ केल्यासारखं तो म्हणाला, "मी व्यसनी आहे. माझं आयुष्य माझ्या हाताबाहेर गेलं आहे. मी नशेसाठी आजीच्या सोन्याच्या बांगड्या चोरल्या."

बहीण बसल्या जागी गोंधळली. "अरे, काय बोलतोस? माझ्या बांगड्या तर घरात कपाटात आहेत."

खोली शांत झाली. पोराने मान खाली घातली.

नंतर उलगडा झाला. चौथ्या पायरीत आपल्या चुकांची यादी करायची आणि पाचवीत ती दुसऱ्या माणसासमोर वाचायची असते. याची यादी छोटी निघाली. केंद्रातला जुना कार्यकर्ता म्हणाला, "एवढंच? लपवतोयस तू." जोवर 'मोकळा' होत नाही तोवर भांडी घासायची ड्युटी आणि घरच्यांची भेट बंद. चार दिवसांनी त्याने बांगड्या चोरल्याचं सांगून टाकलं. शाबासकी मिळाली आणि पुढची पायरी मिळाली.

माझ्या नोकरीत मी कित्येक कोर्ट ऑफ एन्क्वायरीत बसलो आहे. धाक किंवा आमिष दाखवून घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य धरायचा नाही, हे आपल्या पुराव्याच्या कायद्यातलं जुनं तत्त्व मी तरुण अधिकाऱ्यांना शिकवत आलो. आणि इथे माझ्याच घरातल्या मुलाकडून तसाच कबुलीजबाब घेतला गेला होता, आणि त्याला तिथवर पोचवणारा मीच होतो. त्याच दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. मग मी वाचायला बसलो. जे कळलं ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

या पायऱ्या आल्या कुठून

ही गोष्ट १९३५ ची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावची. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, दोघेही दारूपायी पार बुडालेले. कसंबसं थांबलेल्या विल्सनच्या लक्षात आलं की दुसऱ्या दारुड्याशी मनमोकळं बोललं की आपली स्वतःची पिण्याची ओढ कमी होते. या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात या बारा पायऱ्या छापल्या गेल्या. भारतात ए.ए. १९५७ पासून आहे.

पायऱ्यांचा आशय थोडक्यात असा. दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करायचं. आपल्याहून मोठी एक शक्ती आपल्याला सावरू शकते असा विश्वास ठेवायचा आणि स्वतःला तिच्या हाती सोपवायचं. स्वतःच्या वागण्याची झाडाझडती घ्यायची, ती देवापुढे, स्वतःपुढे आणि एका माणसापुढे कबूल करायची. आपले दोष दूर व्हावेत म्हणून नम्रपणे मागणं करायचं. ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून, शक्य तिथे भरपाई करायची. पुढे रोज आत्मपरीक्षण, प्रार्थना आणि ध्यान. शेवटची पायरी, हा मार्ग दुसऱ्या व्यसनग्रस्तापर्यंत पोचवायचा. बारांपैकी निम्म्या पायऱ्यांत ईश्वराचा किंवा त्या मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. 'ईश्वर ज्याला जसा समजेल तसा' अशी मोकळीक त्यात ठेवलेली आहे हेही सांगायला हवं.

आता यातली महत्त्वाची बाब बघा. पायऱ्यांबरोबरच ए.ए.च्या बारा 'परंपरा' आहेत, म्हणजे संघटनेने कसं वागायचं याचे नियम. त्यात सदस्य होण्यासाठी एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, नावनिशी नाही. आणि लोकांनी ओढ वाटून यावं, प्रचार करून त्यांना आणू नये, असंही त्यात आहे. म्हणजे ज्यांनी हा मार्ग तयार केला त्यांनी तो स्वेच्छेने येणाऱ्या, बहुतेक चाळिशीतल्या, सगळं गमावून बसलेल्या माणसांसाठी केला होता.

स्वेच्छेचं सक्तीत रूपांतर

मग सक्ती कुठून आली? १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हेझल्डन नावाचं केंद्र आणि तिथलं सरकारी इस्पितळ यांनी या पायऱ्या निवासी उपचारात आणल्या. डॉक्टर, समुपदेशक, व्याख्यानं आणि सोबत बारा पायऱ्या. पुढे २८ दिवसांचा हा नमुना देशभर पसरला. उपचार म्हणजेच बारा पायऱ्या, असं समीकरण झालं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना न्यायाधीश शिक्षेऐवजी ए.ए.च्या सभांना पाठवू लागले. सभेला आल्याचा कागद सही करून परत आणायचा. तुरुंगातल्या सवलती आणि पॅरोलही त्याला जोडले गेले.

यावर तिथल्या कोर्टांत लढाया झाल्या. १९९६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की कैद्याच्या कुटुंबभेटीची सवलत या कार्यक्रमाला बांधता येणार नाही, कारण त्याचं स्वरूप धार्मिक आहे आणि सरकारला कुणावर धर्म लादता येत नाही. त्याच वर्षी एका फेडरल अपील कोर्टानेही असाच निकाल दिला. त्यानंतर इतर कोर्टांनी तीच वाट धरली. कॅलिफोर्नियात देव न मानणाऱ्या एका माणसाने पॅरोलवर असताना दुसरा, देवाचा संबंध नसलेला कार्यक्रम मागितला. तो मिळाला नाही. उलट त्याला पुन्हा तुरुंगात टाकलं, तीन महिन्यांहून जास्त. २०१४ साली ते प्रकरण सुमारे साडेएकोणीस लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं.

ए.ए. वाईट आहे, असं यातल्या कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. दुसरा पर्याय न देता सरकारने तिथे पाठवणं चूक, एवढंच म्हटलं.

मुलांच्या बाबतीत काय घडलं

प्रौढ माणूस निदान वकील करू शकतो. मुलाच्या बाबतीत सही आई-बापाची असते आणि मूल आत असतं.

१९५८ साली ए.ए.मधून बाहेर पडलेल्या चार्ल्स डेडरिकने कॅलिफोर्नियात सिनॅनन नावाची वसाहत काढली. तिथे एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी तासन्‌तास त्याच्यावर शाब्दिक हल्ला चढवायचा, याला ते 'गेम' म्हणत. ए.ए.मध्ये असं काही नाही. पण कबुली आणि गट या कल्पना तिथूनच घेऊन त्यांचा असा वापर झाला. १९७० साली फ्लोरिडात 'द सीड' आली, ती तर किशोरवयीन मुलांसाठी. १९७४ साली अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने तिच्या पद्धतींची तुलना कोरियन युद्धात उत्तर कोरियाने वापरलेल्या मेंदू धुण्याच्या तंत्रांशी केली.

हे वाचताना मी थबकलो. कारण त्याच कोरियात १९५३ साली आपलं सैन्य गेलं होतं. मायदेशी परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांचा ताबा आपल्या तुकड्यांकडे होता, आणि जनरल थिमय्या त्या आयोगाचे अध्यक्ष होते. प्रत्येक कैद्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असावा, त्यावर बळजबरी होऊ नये, हेच ते काम होतं. परक्या सैनिकाच्या मर्जीची एवढी काळजी घेणाऱ्या सैन्यातला मी, आणि घरातल्या पोराला शेताच्या नावाखाली नेऊन सोडलं.

'द सीड'च्याच वळणाची 'स्ट्रेट' ही संस्था १९७६ मध्ये निघाली. तिने बारा पायऱ्यांच्या सात केल्या. मुलं दिवसभर सभेत आणि रात्री दुसऱ्या मुलाच्या घरी बंद दाराआड. १९८३ साली एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला ज्यूरीने २ लाख २० हजार डॉलर भरपाई दिली. तो तिथे फक्त भावाला भेटायला गेला होता आणि त्यालाच ठेवून घेतलं गेलं. संस्था १९९३ मध्ये बंद पडली. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने बिघडलेल्या मुलांसाठीच्या निवासी कार्यक्रमांतल्या छळाचे आणि मृत्यूंचे दाखले संसदेपुढे ठेवले. त्यातले सगळेच कार्यक्रम बारा पायऱ्यांचे नव्हते. अशा संस्थांवर नजर ठेवण्यासाठीचा केंद्रीय कायदा तिथे डिसेंबर २०२४ मध्ये झाला.

मुलांबाबतची अडचण नुसत्या मारहाणीची नाही. समजा केंद्र सभ्य आहे, तरी तीन प्रश्न उरतात.

पहिला, शिक्का. गांजा ओढून बघणारं प्रत्येक मूल व्यसनी नसतं. वैद्यकशास्त्र सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पातळ्या करतं. 'मी आयुष्यभर व्यसनी आहे' हे पन्नाशीतल्या माणसाला आधार देऊ शकतं. सोळाव्या वर्षी, मी कोण हे अजून ठरायचं असताना, तेच वाक्य रोज म्हणायला लावलं तर मूल ते खरंच मानून बसतं.

दुसरा, हतबलता. ज्या मुलाला घरात मार बसलाय, शाळेत कुणी छळलंय, कुणी हात लावलाय, ते आधीच हतबल असतं. त्याला स्वतःच्या बळावर विश्वास हवा असतो.

तिसरा, संगत. १९९९ साली डिशन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बिघडलेल्या मुलांना एकत्र बसवून केलेले काही कार्यक्रम मुलांना आणखी बिघडवतात. आमच्या पोराला आत जाईपर्यंत ब्राऊन शुगर कुठे मिळते ते माहीत नव्हतं. बाहेर आला तेव्हा दोन मोहल्ल्यांची नावं त्याला पाठ होती.

मग हा कार्यक्रम उपयोगी नाही का?

आहे. इथे प्रामाणिक राहायला हवं. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. दारू पूर्ण सुटण्याच्या बाबतीत, ए.ए.कडे नीट पद्धतीने वळवणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा थोडे सरसच ठरले. वर्षाअखेर सुमारे ४२ टक्के विरुद्ध ३५ टक्के. म्हणून ए.ए.ला नावं ठेवणाऱ्यांनीही हे आकडे बघावेत. पण हा पुरावा मुख्यतः प्रौढांचा आणि दारूचा आहे. ए.ए.च्याच २०१४ च्या अमेरिकेतल्या पाहणीत सदस्यांचं सरासरी वय ५० होतं आणि एकवीसच्या आतले फक्त १ टक्का.

सक्तीचे जुने अभ्यास वेगळं सांगतात. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन दिएगोच्या प्रयोगात, दारू पिऊन वारंवार पकडल्या जाणाऱ्या ३०१ जणांचे कोर्टाने तीन गट केले. काहींना ए.ए.ची सक्ती, काहींना दवाखान्याची, काहींना काहीच नाही. पुन्हा अटक न झालेले अनुक्रमे ३१, ३२ आणि ४४ टक्के. या फरकाला फार अर्थ देऊ नये, पण सक्तीच्या सभांचा फायदा दिसला नाही हे नक्की. १९९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या २२७ कामगारांच्या अभ्यासात सक्तीने फक्त ए.ए.ला पाठवलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना नंतर पुन्हा इस्पितळात दाखल करावं लागलं. पर्याय निवडू दिलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के आणि आधी इस्पितळात ठेवलेल्यांत २३ टक्के. इथे इस्पितळही सक्तीचंच होतं. त्यामुळे सक्ती कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. बेशुद्ध पडणाऱ्याला, जिवावर उठलेल्याला उचलून न्यावंच लागतं. पण शरीरावर करायचा उपचार आणि अंतःकरणातून यायची कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक मी माझ्याच युनिटमध्ये बघितला होता, तेव्हा कळला नव्हता. मी सीओ असताना साताऱ्याकडचे एक सुभेदार साहेब दारूत पार बुडाले. मीच एएफएमएसएफ-१० भरून त्यांना मिलिटरी इस्पितळात पाठवलं. त्यात त्यांच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. हातापायांची थरथर थांबली, यकृताचं औषध झालं, मेडिकल कॅटेगरी खाली आली. ते माझा राग धरून होते. पुढे दुसऱ्या शहरात बदली झाल्यावर ते स्वतःहून, साध्या कपड्यांत, ए.ए.च्या सभेला जायला लागले. ती 'मोठी शक्ती' म्हणजे त्यांच्यासाठी पंढरीचा विठोबा. आज वीस वर्षांहून जास्त झाली, थेंब घेतलेला नाही. पोराचं प्रकरण झाल्यावर मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, तिथं कुणी हजेरी घेत नाही. म्हणून मी जातो." त्यांची हजेरी मी आयुष्यभर घेत आलो होतो.

एक जिवावरचा धोका

अफू, हेरॉइन, ब्राऊन शुगर यांच्या बाबतीत एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. काही केंद्रं औषधांना विरोध करतात. ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी म्हणजे एका नशेऐवजी दुसरी नशा, असं सांगून ती बंद करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालची ही औषधं मृत्यू टाळतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली किशोरवयीनांसाठीही अशा औषधोपचाराची शिफारस केली आहे. ए.ए.चं स्वतःचं मार्गदर्शनही सांगतं की सदस्यांनी डॉक्टर बनू नये.

कोंडून ठेवून दोन-तीन महिने नशा बंद झाली की शरीराची सहनशक्ती उतरते. मूल बाहेर येतं, जुनंच प्रमाण घेतं, आणि तेवढ्याने श्वास थांबतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. घरच्यांना वाटत असतं की आता संकट टळलं.

आपला कायदा काय म्हणतो

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे कायदा नाही असं मला वाटत होतं. मी चूक होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीही येतात. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेची नोंदणी असावी लागते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी कलम ८७ आहे. त्याची मुख्य कलमं साध्या भाषेत सांगतो.

मुलाला दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे, आणि त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर हवा. दाखल न करता घराजवळ उपचार शक्य असतील तर आधी ते. मुलांची राहण्याची सोय मोठ्यांपासून वेगळी. मूल असेल तितके दिवस पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस सोबत राहणार. दाखल केल्यापासून ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, आणि मुक्काम ३० दिवसांवर गेला तर मंडळाने सात दिवसांत फेरतपासणी करायची. याशिवाय त्याच कायद्यात फोन आणि भेटीचा हक्क आहे, साखळीने बांधायला बंदी आहे, आणि सक्तीने डोकं भादरलं जाणार नाही हाही हक्क आहे.

केस उतरवताना मी जे शाबासकीच्या सुरात म्हणालो होतो, ते कायद्याने निषिद्ध होतं. मी कर्नल, पदवीधर, आयुष्यभर नियमावल्या वाचलेला, आणि हा कायदा मी उघडून बघितला नव्हता.

फाटकाशी विचारायचे प्रश्न

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी असा प्रसंग आला, तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात, हैदराबादेत की दिल्लीत, तर एवढं विचारा.

१. तुमचं नोंदणीपत्र दाखवा. मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आहे का?

२. मुलाला कोणता डॉक्टर, केव्हा, एकट्याला भेटणार? त्याला नैराश्य, चंचलता, भीती, झालेला अत्याचार असं आणखी काही आहे का, हे कोण बघणार?

३. मुलं मोठ्यांपासून वेगळी राहतात का? मी किंवा घरातलं कुणी सोबत राहू शकतो का? नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

४. पायऱ्या, प्रार्थना, सभा हे ऐच्छिक आहे का? मुलाने "मला हे पटत नाही" म्हटलं तर त्याला दुसरं काय मिळेल? त्याबद्दल शिक्षा होते का?

५. औषधांना तुमचा विरोध आहे का? सुटल्यावर पहिले तीन महिने कोण लक्ष ठेवणार?

चांगली केंद्रं या प्रश्नांवर रागावत नाहीत. आपल्या देशात अशी केंद्रं आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, ते मराठी वाचकांना सांगायला नको. घाईत पत्ता शोधण्याऐवजी आधी फोन करा. टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढायला लाजू नका. सौम्य प्रकरणात मुलाचं आणि कुटुंबाचं मिळून समुपदेशन हाच पहिला उपाय आहे, आणि त्यासाठी घर सोडावं लागत नाही.

पुढे काय झालं

आमच्या पोराला आम्ही एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पहिल्या भेटीत आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी पाऊण तास बोलल्या. दहावीनंतर न झेपणारी शाखा, कोचिंगमधला अपमान, झोप नाही, असं बरंच साचलेलं होतं. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्याचं एक वर्ष वाया गेलं. शाखा बदलली. मधे एकदा घसरला, ते त्याने स्वतः येऊन सांगितलं. आता बरा आहे. 'सुटला' असा शब्द त्या बाई वापरत नाहीत, म्हणून मीही वापरत नाही.

माझ्याशी तो बरेच महिने बोलला नाही. मी एकदा त्याच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "मी तुझी माफी मागायला आलोय." तो म्हणाला, "आजोबा, केंद्रात घातलंत त्याचं नाही एवढं. शेतावर जायचं म्हणालात, त्याचं आहे."

त्या नवव्या पायरीत सांगितलं आहे ना, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करा. ती पायरी माझ्यासाठी होती. मी ती कुणाच्या हुकमाने चढलो नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं खरंच त्या मित्राच्या शेतावर गेलो होतो. गाडी तो चालवत होता.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातल्या मुलांशी खरं बोला. नमस्कार.